कोयनेला धूर नाही, मग आज्ज्याचं गाव का गेलं?

प्रश्न

नमस्कार सर,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. परवा ऊर्जास्रोतांचा धडा घेतला. फळ्यावर दोन रकाने केले. एकात कोळसा, डिझेल, अणुऊर्जा. दुसऱ्यात जलविद्युत, पवन, सौर. पहिला रकाना प्रदूषणाचा, दुसरा हरित, असं सांगून मोकळी झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, कोयनेनं काहीच नुकसान होत नाही तर आमच्या आज्ज्याचं गाव का गेलं?" तिचं घराणं धरणग्रस्त. ते ऐकून एक मुलगा म्हणाला, "पवनचक्क्या आल्यापासून सड्यावर घारी कमी झाल्या असं आमचे पप्पा म्हणतात." त्याचे वडील त्या पठारावरच वॉचमन आहेत. मग विषय साखर कारखान्याच्या मळीवर गेला आणि तास संपला. दुसऱ्या दिवशी एक पालक शाळेत आले. ते कारखान्यात नोकरीला आहेत. "पोरांच्या डोक्यात भलतंसलतं भरवू नका," म्हणाले. मुख्याध्यापक म्हणतात, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला, पोर्शन संपवा. पुस्तकातलं तेवढंच सांगितलं तर पोरांना पटत नाही, त्यापुढं गेलं तर गावाला रुचत नाही. मी नेमकं शिकवू काय?

– एक विज्ञान शिक्षिका

उत्तर

नमस्कार बाई,

आधी त्या मुलीला उत्तर द्या. पुढच्या तासाला, हजेरी झाल्या झाल्या. तिचा प्रश्न तसाच राहिला तर वर्ग एवढंच शिकेल की विज्ञानाच्या तासाला असलं काही विचारायचं नसतं. उत्तर अवघड नाही. तिला सांगा, तुझं बरोबर आहे. कोयनेच्या विजेला धूर नाही, पण तिची किंमत होती, आणि ती तुझ्या आज्ज्यासारख्या माणसांनी भरली.

मग ते दोन रकाने पुसून टाका. त्यांनीच तुम्हाला अडचणीत आणलंय. चांगले स्रोत इकडं, वाईट तिकडं, अशी वाटणी केली की एखाद्या पोरानं घरचा अनुभव सांगितला रे सांगितला, सगळा फळा खोटा पडतो. त्यापेक्षा प्रत्येक स्रोताला तेच ते प्रश्न विचारा. इंधन किंवा पाणी किंवा वारा येतो कुठून? त्यासाठी काय जळतं, काय बुडतं, काय हटवावं लागतं? वीज कुणाच्या घरात जाते आणि त्रास कुणाच्या दारात येतो? आणि एका युनिट विजेमागं हे सगळं किती? हा शेवटचा प्रश्न बहुतेक वेळा विचारलाच जात नाही. तो गाळला की वर्ग दुसऱ्या टोकाला जातो आणि पोरं म्हणू लागतात, सगळंच सारखं वाईट, मग कशाला डोकं खपवायचं.

कोयनेपासून सुरुवात करा, कारण तुमच्या पोरांना कोयना अर्धी घरून माहीत असते, अर्धी पुस्तकातून, आणि ही दोन अर्धी एकमेकांना कधी भेटत नाहीत. प्रकल्पाची स्थापित क्षमता १,९६० मेगावॉट. धरणाच्या शिवसागर जलाशयातलं पाणी बोगद्यांमधून सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला नेतात, पोफळीच्या बाजूला ते खाली कोसळतं, जनित्रं फिरवतं आणि वाशिष्ठीतून चिपळूणवरून अरबी समुद्राला जातं. जे पाणी एरवी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेत आलं असतं आणि पुढं सांगलीला पोचलं असतं, ते खोरंच सोडून गेलं. म्हणून तर कृष्णा पाणीवाटप लवादानं पश्चिमेला वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. उन्हाळ्यात सिंचनाला पाणी की विजेला, असा वाद पेपरात येतो तो याच पाण्यावरून. शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला तो वाद तोंडपाठ असतो. तो विज्ञानाच्या धड्यातला आहे, हे मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

धरणासाठी उठलेली गावं सातारा-सांगलीपासून सोलापूर, रायगड, ठाण्यापर्यंत विखुरली. दोन पिढ्या गेल्या, तरी जमिनीच्या आणि पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी आंदोलनं होतच आहेत. हे वर्गात सांगताना एक जपा: त्या मुलीला उभं करून "सांग बरं तुमच्या गावाचं" असं म्हणू नका. प्रश्न विचारण्याची हिंमत तिनं केली, म्हणून तिला नमुना बनवायचं नाही. आधी एकटीला विचारा. तिची आणि घरच्यांची तयारी असेल तर आजोबांना शाळेत बोलवा, पाण्याचा तांब्या-चहा द्या, खुर्ची द्या, आणि पोरांनी काय विचारायचं ते आदल्या दिवशी ठरवून घ्या. शेतात काय पिकायचं? नदीवर काय काय चालायचं? उठताना बरोबर काय नेलं, काय मागं राहिलं? नव्या गावात पाणी कुठून आणावं लागायचं? आणि शेवटी: नव्या घरात लाईट कधी आली? या एका प्रश्नाच्या उत्तरावर तुमचा निम्मा धडा उभा राहील.

भूकंपाचा विषय निघणारच. ११ डिसेंबर १९६७ची पहाट आपल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात अजून येते. भूकंपाची तीव्रता ६.५च्या आसपास, जवळपास दोनशे माणसं गेली, कोयनानगर जमीनदोस्त झालं. घरोघर सांगतात की धरणानं भूकंप आणला. पोरांना याची नेमकी शास्त्रीय बाजू द्या, कारण इथं अर्धवट माहिती दोन्हीकडून येते. धरणातल्या पाण्याच्या वजनात पर्वत हलवायची ताकद नसते. खडकात ताण आधीच साठलेला असतो. वरून पाण्याचा दाब वाढला आणि भेगांमधून पाणी खोल झिरपलं, की आधीच ताणलेला खडक सरकायला निमित्त मिळतं. जलाशयामुळं चाळवलेल्या भूकंपांचं जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणून कोयनेचं नाव भूगर्भशास्त्रात घेतलं जातं. त्याचाच अभ्यास करायला पाटण तालुक्यात गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल विंधन घेतलं गेलं, आणि कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. जगभरच्या शास्त्रज्ञांचं लक्ष असलेली जागा आपल्या एसटीच्या टप्प्यात आहे. ही गोष्ट दहावीच्या पोरांना माहीत नसावी, याला काय म्हणावं?

आता कोयनेची दुसरी बाजूही तितक्याच ठसठशीतपणे सांगा, नाहीतर आपण नुसतं रडगाणं गातोय असं होईल. कोळशाचं थंड पडलेलं केंद्र पेटवून पूर्ण भारावर आणायचं तर कित्येक तास जातात. जलविद्युत केंद्राला काही मिनिटं पुरतात. संध्याकाळी सातला सगळ्या महाराष्ट्रात एकदम दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात, तेव्हा तो भार उचलायला कोयना कामाला येते. सूर्य मावळल्यावर सौर वीज थांबते, तेव्हाही अशाच केंद्रांचा आधार असतो. पुस्तकात मेगावॉटचा आकडा असतो, पण वीज हवी त्या क्षणी मिळणं ही वेगळीच गोष्ट आहे आणि ती आकड्यात दिसत नाही.

यानंतर एक गणित घाला. मला विचाराल तर सगळ्या धड्यात हेच सर्वांत रंगतं. शाळेच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडं बोट दाखवा. समजा टाकी हजार लिटरची आहे आणि जमिनीपासून ४ मीटर उंच. ते सगळं पाणी खाली सोडून वीज केली तर किती होईल? वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची, पोरांना हे सूत्र येतं. १,००० गुणिले ९.८ गुणिले ४, म्हणजे ३९,२०० ज्यूल. पोरांना वाटतं बापरे, केवढी ऊर्जा! मग १० वॅटच्या एलईडी बल्बनं भागा. ३,९२० सेकंद. जेमतेम तासभर एक बल्ब, तोही मधे काहीच वाया गेलं नाही असं धरून. वर्ग हमखास हसतो.

मग तेच हजार लिटर कोयनेतून घ्या. उंची साडेचारशे मीटर धरा. प्रत्यक्षात त्याहून थोडी जास्तच आहे. ४४ लाख ज्यूल, म्हणजे सव्वा युनिटच्या आसपास. पाणी तेवढंच, फक्त सह्याद्रीची उंची मिळाली. आता कुणीतरी विचारतंच, "मग ६७.५ टीएमसीचे किती?" करू द्या. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर आणि एक घनमीटर म्हणजे आपले तेच हजार लिटर. यंत्रातली घट वजा करूनही उत्तर दोनशे कोटी युनिटांच्या वर जातं. एवढी उंची आणि एवढं पाणी एकत्र सापडायच्या जागा देशात मोजक्याच आहेत, आणि अशा जागी बहुतेक ठिकाणी आधीच जंगल किंवा कुणाचं तरी गाव असतं. हे तुम्ही सांगायची गरज पडत नाही, गणित संपता संपता एखादं पोर स्वतःच बोलतं.

आपल्या भागात आणखी एक गैरसमज पक्का आहे: कोयना आपली, म्हणून आपल्या घरातली वीज कोयनेची. तसं नसतं. राज्यातली आणि देशातली सगळी केंद्रं एकाच जाळ्यात वीज सोडतात. तो एक सामाईक हौद आहे. कुणाच्या हंड्यात कुठल्या विहिरीचं पाणी आलं ते निवडता येत नाही. आणि या हौदात सर्वांत मोठी धार कोळशाची आहे. देशाच्या जाळ्यातल्या सरासरी एका युनिटमागं सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पोरांना घरून महावितरणचं बिल आणायला सांगा. बिलावरचं नाव-नंबर झाकून फक्त युनिट वहीत लिहायची, कारण कुणाचं बिल थकलंय, कुणाचं मोठं आहे, याची वर्गात चर्चा नको. १०० युनिट असतील तर ७० किलो. दर महिन्याला. पाटणच्या खोऱ्यात राहूनही.

कोळशाचं शिकवताना खरी अडचण ही की तो आपल्याकडं दिसतच नाही. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं. आपल्या देशी कोळशात तीस-चाळीस टक्के राखच असते. ती राख, ती धूळ, खाणींचे खड्डे, सगळं तिकडं विदर्भात, दिवा इकडं. आपल्या धरणग्रस्ताचं दुःख आपल्या पोरांना कळतं कारण तो शेजारी राहतो. चंद्रपूरच्या पोराचं कसं कळणार? एक उपाय सुचवतो: तिकडच्या एखाद्या मराठी शाळेतल्या विज्ञान शिक्षकाशी ओळख काढा आणि दोन्ही वर्गांना एकमेकांना पत्रं लिहू द्या. तुमची पोरं धरणाबद्दल, पवनचक्क्यांबद्दल लिहितील, ती पोरं खाणीबद्दल. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, हातानं लिहिलेली पत्रं. माणूस जरा विचार करून लिहितो.

आता पठार. त्या वॉचमनच्या मुलानं जे सांगितलं, त्यावर तुम्ही त्याची पाठ थोपटायला हवी होती. अजून वेळ गेलेली नाही. चाळकेवाडीच्या सड्यावर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी याच प्रश्नावर काम केलं आणि २०१८ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांनी पवनचक्क्या असलेला सडा आणि नसलेला सडा यांची तुलना केली. जिथं चक्क्या आहेत तिथं शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी. या पक्ष्यांचं भक्ष्य म्हणजे सड्यावरचा तो सरडा, ज्याचा नर गळ्याखालचा निळा-काळा-नारिंगी पंखा उघडून मान वर करून बसतो. पावसाच्या आधी ठोसेघरकडं गेलेल्यांनी पाहिला असेल. शिकारी कमी, म्हणून चक्क्यांखाली सरडे जास्त. इथवर कुणालाही सुचेल. पुढचं जास्त मजेदार आहे. त्या सरड्यांच्या रक्तात ताणाचं संप्रेरक कमी सापडलं, म्हणजे ते निर्धास्त झाले होते. पण संख्या वाढून खाण्यासाठी चढाओढ झाल्यानं अंगानं खालावले होते, आणि नरांच्या गळ्याचे रंगही फिके पडले होते.

एका पात्याच्या फिरण्यानं सरड्याच्या गळ्याचा रंग उतरतो! अन्नसाखळीचा धडा आणि ऊर्जेचा धडा एकाच सड्यावर, तोही सातारा जिल्ह्यातल्या. आकृतीतला गवत-नाकतोडा-बेडूक-साप सोडा आणि हे शिकवा. आणि त्या मुलाला सांगा, तुझ्या वडलांनी नुसत्या डोळ्यांनी जे पाहिलं ते शास्त्रज्ञांनी मोजून सिद्ध केलं. निरीक्षण त्यांचं होतं, मोजमाप नव्हतं. दोन्हीत काय फरक, यावर अर्धा तास सहज जाईल.

पवनचक्क्यांचं आणखी एक सांगण्यासारखं आहे. आपल्याकडं वारा पावसाळ्यात जोरात, हिवाळ्यात मंद. म्हणजे ज्या महिन्यांत धरणं भरतात त्याच महिन्यांत चक्क्याही जोरात फिरतात, आणि मार्च-एप्रिलला जेव्हा पंखे लावायची वेळ येते तेव्हा त्यातल्या कितीतरी नुसत्या उभ्या दिसतात. पोरांना वाटतं त्या बिघडल्यात.

कारखान्याकडं येतो, कारण तुमची झोप त्यानं उडवली आहे. त्या पालकांवर रागावू नका. त्यांच्या घरची चूल कारखान्यावर पेटते आणि पोरगं घरी येऊन "बाई म्हणाल्या कारखाना नदी मारतो" असं म्हणालं असणार. तुम्ही तसं म्हणाला नसाल, पण घरी पोचेपर्यंत वाक्याचं असंच होतं. उपाय एकच: कुठल्याही कारखान्याचं नाव वर्गात घेऊ नका आणि रसायनशास्त्र मात्र पूर्ण शिकवा.

आधी चांगलं सांगा, कारण ते खरं आहे. एक टन ऊस गाळला की पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस, म्हणजे चोथा, निघतो, त्यात निम्मं पाणीच. तो बॉयलरला घालून वाफ होते, वाफेवर कारखाना चालतो आणि सहवीजनिर्मिती असेल तर उरलेली वीज जाळ्यात जाते. बगॅस जळताना निघणारा कार्बन त्याच उसानं वर्ष-दीड वर्षापूर्वी हवेतून घेतलेला असतो. कोळशाचा कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला होता. हा फरक मोठा आहे. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं घालतात ते ज्यांनी पाहिलंय त्या पोरांना हे पटकन समजतं. मग विचारा: चिमणीतून उडून वाळत घातलेल्या धुण्यावर पडते ती काजळी कसली? उसाला पाणी चढवायला जी मोटर चालते तिची वीज कुठली? तोडणीनंतर रानात पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, पेटवलं तर बगॅसच्या हिशेबाचं काय होतं? शेवटच्या प्रश्नावर वर्ग गप्प बसतो, कारण पाचट पेटवणारे त्यांचेच काका-मामा असतात. गप्प बसू द्या थोडा वेळ.

आणि मळी. पेपरात दरवर्षी "मळीमिश्रित पाणी नदीत, मासे मृत्युमुखी" अशी बातमी वाचून पोरांना वाटतं की मळीत विष असतं. मासे बहुतेक वेळा गुदमरून मरतात. सेंद्रिय माल पाण्यात गेला की सूक्ष्मजीवांची चंगळ होते, ते वाढतात आणि पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. हे तुम्हाला परीक्षानळीत दाखवता येईल, कारखान्याचा एक थेंबही न आणता. चार परीक्षानळ्या घ्या. चारींत सारखं पाणी आणि मिथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचे दोन-दोन थेंब. एकीत आणखी काहीच नाही. दुसरीत गूळ. तिसरीत कोमट पाण्यात भिजवलेलं यीस्ट. चौथीत गूळ आणि यीस्ट दोन्ही. बुचं लावा, कोमट पाण्याच्या चंबूत उभ्या करा आणि न हलवता ठेवा. पहिल्या दोन निळ्याच राहतात. यीस्टच्या नळ्यांचा निळा रंग फिका होत जातो, आणि गूळ असलेली सहसा आधी जाते. यीस्टनं ऑक्सिजन संपवला, म्हणून रंग गेला. तळाशी पांढुरकं, वर हवेच्या कडेला तेवढी एक निळी रेघ. ती रेघ पोरांना जवळ येऊन बघायला लावा. मग ती नळी जोरात हलवा. हवा मिसळली की निळा रंग परत येतो. माशाला नदीत असं कुणी हलवून देत नाही, एवढं म्हणा आणि थांबा. त्या नळ्या बघून कारखान्यातले पालकसुद्धा हरकत घेणार नाहीत. उलट त्यांनाच बोलवा. सांडपाण्यावर प्रक्रिया करताना हवा का घुसळतात, हे त्यांच्याइतकं चांगलं कोण सांगणार? ज्याला आपण पाहुणा म्हणून बोलावलं तो तक्रार घेऊन येत नाही, हा शाळेतला जुना अनुभव आहे.

बाकीच्या गोष्टींना एवढा वेळ नको, पण वगळू नका. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना म्हणजे कोयनेचं उलट गणित आहे. तिकडं पाणी खाली सोडून वीज मिळते, इकडं वीज घालून कृष्णेचं पाणी दुष्काळी तालुक्यांकडं चढवतात. हजार लिटर पाणी दोनशे मीटर चढवायला कमीत कमी अर्ध्या युनिटाहून जास्त वीज लागते. आटपाडी-खानापूरकडं ज्यांचे पाहुणे आहेत त्या पोरांना योजनेचं वीजबिल थकलं की पाणी बंद होतं हे ठाऊक असतं. सौर विजेसाठी पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी आहेच, २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम म्हणून तिची घोषणा झाली. शेतीच्या सौर पंपाचा मोठा फायदा उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही: रात्री लाईट येते म्हणून बिबट्याच्या भीतीत दारं मोडायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावं लागत नाही. तोटाही सांगा. पॅनेल पंचवीसेक वर्षांनी उतरवायचं, तेव्हा त्या काचेचं आणि धातूचं काय करायचं, याची व्यवस्था अजून तोकडी आहे. आणि ऊर्जा म्हणजे फक्त वीज नव्हे. अजून किती घरांत अंघोळीचं पाणी बंबात किंवा चुलीवर तापतं, लाकूडफाटा कोण आणतं आणि धूर कुणाच्या छातीत जातो, हे विचारलं की वर्गातल्या मुली बोलायला लागतात.

एवढं झाल्यावर कुणीतरी विचारणार, "बाई, मग चांगली वीज कुठली?" तेव्हा गुळमुळीत बोलू नका. प्रत्येकाला काही ना काही किंमत आहे, पण त्या किमती सारख्या नाहीत. पॅनेल किंवा पवनचक्की बनवताना, वाहून आणताना, उभारताना जो कार्बन जातो तो तिच्या आयुष्यभराच्या विजेवर वाटला तर युनिटमागं काही ग्रॅम ते काही डझन ग्रॅम येतो. कोळशाच्या विजेचा तोच आकडा किलोच्या घरात जातो, शिवाय राख आणि फुप्फुसांचे आजार वेगळे. सड्यावरचा सरडा फिका पडला म्हणून कोळसा बरा, असा अर्थ कुणी काढला तर तिथल्या तिथं खोडा. माझं मत विचाराल तर पवनचक्क्या हव्यात, पण सगळ्याच सड्यांवर नकोत; आधीच उघड्या पडलेल्या माळावर आणि छपरांवर जे होईल ते आधी करावं. पोरांचं मत वेगळं असू शकतं. त्यांनी आकडा देऊन बोलावं, एवढीच अट ठेवा.

आता मुख्याध्यापक. ते म्हणतात तेही चुकीचं नाही. मार्चमध्ये पेपर पोरांनाच लिहायचाय आणि निकालाचा जाब त्यांनाच विचारतात. त्यांच्यापुढं वाद घालायला जाऊ नका, कागद घेऊन जा. धड्यातली उद्दिष्टं एका बाजूला, तुमच्या चार तासांत काय होणार ते दुसऱ्या बाजूला. फायदे-तोटे लिहा, फरक स्पष्ट करा, आकृती काढून ऊर्जा रूपांतरणाचे टप्पे लिहा, हे बोर्डाचे नेहमीचे प्रश्न. टाकीच्या गणितात स्थितिज ऊर्जेची उजळणी होते, परीक्षानळ्यांचा प्रयोग वहीत धरता येतो, बिलाचा तक्ता प्रकल्प म्हणून लावता येतो. म्हणजे पोर्शन मागं पडत नाही. पोरांनाही स्पष्ट सांगा की पेपरात पुस्तकातले मुद्दे आधी लिहायचे, नेमक्या शब्दांत, आणि जागा उरली तर कोयनेचं उदाहरण द्यायचं. तपासणाऱ्याकडं उत्तरपत्रिकांचा ढीग असतो, त्याला शोधायला लावू नये.

चाळकेवाडीला पोरांना न्यायचं मनात आलं तर पावसाळ्यात नेऊ नका. धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला, सकाळी लवकर न्या. सरडा तेव्हाच ऊन खायला दगडावर येतो. त्या मुलाच्या वडलांना आधी फोन करा. गेट उघडणं त्यांच्या हातात नसेल, पण परवानगी कुणाकडं मागायची ते तेच सांगतील.

मिथिलीन ब्लू शाळेत नसेल तर जवळच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतून चिमूटभर मागून आणा, पुष्कळ दिवस पुरतं. प्रयोगाच्या दिवशी पोरांना बाह्या वर करायला सांगा. पांढऱ्या शर्टावर सांडलं तर डाग जाता जात नाही, आणि मग पालक त्या कारणानं शाळेत येतील.